विंचूरच्या अलीकडे-पलीकडे

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली एसटी आधी निफाड घेते, मग विंचूर, मग येवला. जुन्या माणसांच्या तोंडी हा अजून ‘औरंगाबाद रोड’च आहे. विंचूरच्या तीनपाटीवर लासलगावचा फाटा फुटतो आणि कांद्याच्या हंगामात तिथे ट्रॅक्टर, पिकअप आणि ट्रक यांची खेटाखेट चालते. लासलगाव बाजार समितीचे एक उपआवार विंचूरलाच आहे. औद्योगिक वसाहतीत वाइन पार्क आहे. येवल्यात पोहोचले की ज्या चौकात सगळे रस्ते एकमेकांना भिडतात, त्याला येवलेकर ‘विंचूर चौफुली’ म्हणतात. कांद्याचे भाव पडले की रास्ता रोको बहुधा तिथेच होतो.

कांदा, द्राक्षे आणि पैठणी एवढ्यावर या रस्त्याची ओळख संपवली जाते. पण विंचूरच्या अलीकडे निफाडला १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. वडील तिथे सरकारी कचेरीत कारकून होते. विंचूरच्या पलीकडे येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. एकाने जन्माचा धर्म न सोडता त्याच्या चौकटीत सर्वांसाठी एक मोकळी खोली बांधू पाहिली. दुसऱ्याने, या घरात आपल्याला जागाच नाही असे ठरवून, नवे घर शोधले. मधली त्र्याण्णव वर्षे म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वसमावेशक धर्मविचाराचा जवळजवळ सगळा इतिहास. तो शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत, एसटीच्या एका तिकिटात मावतो.

‘सर्वांचा देव एक’ हे वाक्य महाराष्ट्रात कोणीही, कधीही, कुठल्याही व्यासपीठावरून म्हणू शकतो. त्याने कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. आठी पडते ती पुढच्या प्रश्नांवर. पूजा कोण सांगणार? पंगतीत शेजारी कोण बसणार? लग्न कोण लावणार? आणि हे सगळे बदलायचे म्हटल्यावर त्याची किंमत कोण मोजणार? गेल्या पावणेदोनशे वर्षांत इथे जे जे नवे धर्मसमुदाय उभे राहिले, त्यांची श्रद्धा काय होती हे त्यांच्या तत्त्वांच्या यादीतून कळते. ती कितपत खरी होती हे मात्र या प्रश्नांच्या उत्तरांतून कळते.

सुरुवात चोरून झाली. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. मराठी व्याकरणकार म्हणून शाळेच्या पुस्तकांत भेटणारे हेच दादोबा. जातिभेद मोडायचा हा सभेचा हेतू, पण सभा गुप्त. सभासद व्हायचे तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यायचे. आज बेकरीतून पाव आणताना भाजणाऱ्याचा धर्म कोणी विचारत नाही. त्या काळी एवढ्या घासाने माणूस जातीबाहेर जात असे. म्हणून दारे लावून तो घास खाल्ला जाई. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि नावे फुटतील या भयाने सभाच विरली. ज्या समाजात पाव खाण्यासाठी गुप्त संघटना लागते, तिथे पुढे काय काय घडणार होते याची ही चुणूक होती.

दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी मग उघड मार्ग धरला. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईला येऊन गेले होते. त्यांच्या व्याख्यानांनी शिकलेले तरुण हलले होते. ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढे त्याचे आधारस्तंभ झाले. आत्मारामांचे घर किती मोकळे होते याची एक खूण जाता जाता सांगण्याजोगी आहे. १८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी रीतिरिवाज शिकण्यासाठी एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा या घरी येऊन राहिला आणि आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा हिने त्याला शिकवले. मुलाचे नाव रवींद्रनाथ टागोर.

समाजाची तत्त्वे बोटांवर मोजण्याइतकी होती. विश्वाचा कर्ता एकच ईश्वर. त्याची उपासना प्रेमाने आणि श्रद्धेने करावी, तीच खरी पूजा. मूर्तिपूजा हा उपासनेचा खरा मार्ग नव्हे. ईश्वर अवतार घेत नाही आणि कोणताही एक ग्रंथ त्याने स्वतः सांगितलेला, म्हणून अचूक, असा नाही. सगळी माणसे त्याची लेकरे, तेव्हा त्यांनी भावंडांसारखे वागावे. रविवारी एकत्र जमायचे, प्रार्थना म्हणायची, भजन गायचे, एखाद्या सभासदाचे प्रवचन ऐकायचे. गिरगावात १८७४ मध्ये समाजाचे मंदिर उभे राहिले. त्या मंदिरात मूर्ती नव्हती. त्याच्या नावाने ओळखला जाणारा चौक आजही मुंबईकरांच्या पत्त्यात आहे, आणि बसच्या कंडक्टरला ‘प्रार्थना समाज’ सांगून उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो खरोखर एक समाज होता याची कल्पना नसते.

या उपासनेत वेदमंत्रांपेक्षा तुकाराम जास्त होता. रानड्यांना आपण नवा पंथ काढतो आहोत असे कधी वाटलेच नाही. भागवत धर्माचीच पुढची पायरी, असे ते मानत. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी संतांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि युरोपातल्या धर्मसुधारणेशी त्यांची तुलना केली. शिंपी, माळी, कुंभार, महार, दासी अशा सगळ्यांनी देवाशी थेट बोलायचे, मध्ये कोणी नको, हा त्यांना संतांच्या शिकवणीचा गाभा वाटला. भांडारकरांसारखा संस्कृतचा दिग्गज पंडित तुकोबांच्या अभंगावर मराठीत प्रवचन करी, हे त्या काळच्या पंडितांना रुचणारे नव्हते.

समाजाने नुसती प्रार्थना केली नाही, हेही नोंदवले पाहिजे. ‘सुबोध पत्रिका’ हे साप्ताहिक १८७३ पासून निघू लागले. कामगारांसाठी रात्रीच्या शाळा निघाल्या. आणि १८७५ मध्ये, विठोबाच्या पंढरपुरात, समाजाशी संबंधित मंडळींनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. क्षेत्राच्या ठिकाणी टाकून दिलेली अर्भके आणि फसवल्या गेलेल्या विधवा यांना आसरा देणारे ते घर. ज्या चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे समान म्हणून नाचतात, तिथेच या घराची सर्वांत जास्त गरज पडली, ही गोष्ट वारीच्या गोडव्यात सहसा सांगितली जात नाही.

तरी समाज वाढला नाही. मुंबई, पुणे, अहमदाबाद अशी काही शहरे, वकील, प्राध्यापक, डॉक्टर, न्यायाधीश एवढेच वर्तुळ. रानडे १८७८ मध्ये बदली होऊन नाशिकला न्यायाधीश म्हणून आले होते, जन्मगाव हाकेच्या अंतरावर होते. पण निफाड-विंचूरच्या शेतकऱ्याला रविवारच्या उपासनेचे काही सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. त्या उपासनेत ना खंडोबा होता, ना जत्रा, ना बैलपोळा. शिवाय सभासदाला फारसे काही सोडावे लागत नव्हते. जात मोडलीच पाहिजे अशी अट नव्हती. रविवारी निराकाराची प्रार्थना आणि सोमवारी घरच्या देव्हाऱ्यात पंचामृत, असे चालून जाई. उदारपणाची ही बाजू आकर्षक आहे, आणि तिचाच फास समाजाला बसला.

रानड्यांच्या स्वतःच्या आयुष्यात तो दोनदा आवळला. पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये, विधवाविवाहाच्या चळवळीत असूनही, वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच मुलीला त्यांनी शिकवले. ती रमाबाई रानडे म्हणून सेवासदनातून शेकडो बायकांच्या उपयोगी पडली आणि त्या संसाराची हकीकत तिने ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवली, हे खरे. पण ते लग्न झाले, हेही तेवढेच खरे.

दुसरा प्रसंग चहाचा. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी या खट्याळ गृहस्थांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या पतीने, नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली. पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. मित्रांच्या घरची लग्नकार्ये अडली, लेकी-सुना माहेर-सासरला तुटल्या. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःसाठी नाही, मित्रांची कोंडी फुटावी म्हणून. एकेश्वरनिष्ठेवर निबंध लिहिणारा, पुढे उच्च न्यायालयात बसणारा माणूस एका चहाच्या पेल्यापुढे हरला. त्याला दुबळा म्हणणे सोपे आहे. पण बहिष्कार घराच्या उंबऱ्यावर येतो तेव्हा तो पुरुषाला नव्हे, घरातल्या बाईला आधी छळतो, हे रमाबाईंच्या आठवणी वाचताना लक्षात येते. आज असे ग्रामण्य कोणी घातले तर तो गुन्हा ठरेल. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, तो २०१७ पासून अंमलात आहे. आणि त्यामागे जातपंचायतींविरुद्धची जी मोहीम होती, ती २०१३ मध्ये नाशिकमधूनच सुरू झाली.

विंचूरचे नाव या गोष्टीत पुण्यातही येते. विंचूर हे पेशवाईतले नामवंत सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्याचे गाव. गॅझेटिअरच्या नोंदीप्रमाणे येवलाही माधवराव पेशव्यांनी याच विठ्ठलरावांना दिले होते, म्हणजे आपल्या रस्त्याची दोन गावे एकेकाळी एकाच जहागिरीत होती. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या विंचूरकरांच्या वाड्यात लोकमान्य टिळक बरीच वर्षे राहत. १८९२ मध्ये एक अनोळखी बंगाली संन्यासी या वाड्यात टिळकांचा पाहुणा म्हणून काही दिवस राहून गेला. पुढल्याच वर्षी, ११ सप्टेंबर १८९३ रोजी, तो शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलायला उभा राहिला तेव्हा जगाला विवेकानंद हे नाव कळले. आणि १८९४ मध्ये याच वाड्यात टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला. देव घरातून मांडवात आला, मांडवात सगळ्या जातींचे लोक आले. गर्दी जमवण्याच्या बाबतीत या मांडवाने रविवारच्या उपासनेला कितीतरी मागे टाकले. पण पुढल्याच वर्षी, १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी, काँग्रेसच्या मांडवात रानड्यांच्या सामाजिक परिषदेला जागा देऊ नये असा गदारोळ झाला आणि रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. देवाला मांडवात जागा मिळाली, विधवेच्या प्रश्नाला मिळाली नाही.

प्रार्थना समाजाला त्याच काळात सर्वांत कठोर परीक्षक भेटला तो पुण्यातच. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला. दोन्ही समाजांची तत्त्वे शेजारी ठेवली तर पहिल्या वाचनात फरक सापडणे कठीण. इथेही देव एकच, फुले त्याला निर्मिक म्हणतात. इथेही सगळी माणसे भावंडे. फरक एका कलमात आहे: निर्मिकाच्या भक्तीसाठी मध्ये भट नको. हे कलम रविवारपुरते पाळता येत नाही. लग्नात, बारशात, श्राद्धात, घरभरणीत, वर्षभर ते पाळावे लागते आणि दर वेळी कोणाची तरी दक्षिणा बुडते. म्हणून ते झोंबले. २५ डिसेंबर १८७३ ला पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे पुणे जिल्ह्यात ओतूरला एका पाटलाने भटाविना लग्न लावल्यावर गावजोशांनी हक्काच्या दक्षिणेसाठी दावा ठोकला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत लढवला गेला. रविवारच्या उपासनेवर असा दावा कोणी कधी लावला नसता.

फुल्यांनी प्रार्थना समाजाला टोमणे मारण्यात कसर ठेवली नाही. १८८५ मध्ये रानड्यांनी ग्रंथकार सभेला बोलावले तेव्हा त्यांनी येणार नाही असे पत्र धाडले. तुमच्या ग्रंथांचा आमच्या दुःखाशी मेळ बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. तरी दोघांचे दरवाजे एकमेकांना बंद नव्हते. १८७५ मध्ये आर्य समाजाचे संस्थापक दयानंद सरस्वती यांची पुण्यात मिरवणूक निघाली आणि सनातन्यांनी दंगा केला, तेव्हा रानडे आणि फुले दोघेही दयानंदांच्या बाजूने उभे होते. दोघांपैकी कोणीही आर्य समाजी नव्हता.

फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हे तर या विषयावरचे मराठीतले सर्वांत धाडसी पुस्तक म्हणावे लागेल. त्यात एका कुटुंबाची कल्पना आहे. बाईने बौद्ध धर्म वाचून आवडला तर तो घ्यावा, नवऱ्याने ख्रिस्ती व्हावे, मुलीला कुराण पटले तर तिने मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी राहावे, आणि सगळ्यांनी एका छपराखाली प्रेमाने नांदावे. आजही ही कल्पना कुठल्या आंतरधर्मीय परिषदेच्या ठरावात सापडायची नाही. परिषदा धर्माधर्मांत मैत्री मागतात. फुले ती एका चुलीभोवती मागतात, आणि निवड बाईपासून सुरू करतात.

हे पुस्तकापुरते राहिले नाही. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले आणि चितेला अग्नी त्यांनीच दिला.

नाशिक जिल्ह्यात हा विचार शिक्षणाच्या वाटेने रुजला. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ मध्ये उभा राहिला तो सत्यशोधकी प्रेरणेच्या माणसांकडून. उदोजी मराठा वसतिगृहाच्या पायाभरणीला १९२० मध्ये राजर्षी शाहू नाशिकला आले होते. आज निफाड, विंचूर, लासलगाव भागातल्या कितीतरी घरांतली पहिली पदवीधर पिढी या संस्थेच्या शाळा-कॉलेजांतून आली. निर्मिकाचे नाव मागे पडले, शाळेची घंटा राहिली. धर्मविचार संपला की काय, अशी हळहळ कोणाला वाटेल. फुल्यांना वाटली असती का, याची शंका आहे.

प्रार्थना समाजाच्या पोटातूनही एक माणूस पुढे निघाला. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियन पंथाच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. युनिटेरियन म्हणजे त्रैक्य न मानणारे, बुद्धीला धर्मात जागा देणारे ख्रिस्ती. त्यांचे आणि ब्राह्मो-प्रार्थना मंडळींचे सूत राममोहन रॉय यांच्या काळापासून जुळलेले. १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत शिंद्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि परत येऊन समाजाचे प्रचारक झाले. इतर कोणी असता तर परिषदांचे हारतुरे घेत राहिला असता. शिंदे अस्पृश्यांच्या वस्त्यांत गेले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, सुरू केले. त्यांच्या भगिनी जनाबाई या कामात जोडीला होत्या. सगळी माणसे भावंडे, हे कलम शिंद्यांनी शब्दशः घेतले, आणि १९१० च्या आसपास समाजाच्या प्रचारकपदापासून दूर झाले. घराला मोठे करणारा माणूस घराला झेपला नाही.

आणि आता नाशिक. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसे शिस्तीत चालत मंदिरापर्यंत आली. दरवाजे बंद झाले. दादासाहेब गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, या लढ्याचे स्थानिक नेतृत्व करत होते. रामाच्या रथयात्रेच्या दिवशी दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. पाच वर्षे हा लढा रखडत, पेटत चालला. १९३४ मध्ये आंबेडकरांनी गायकवाडांना कळवले की आता हे थांबवावे, शक्ती दुसरीकडे लावावी. काळाराम सत्याग्रह ही प्रार्थना समाजी मार्गाची शेवटची कसोटी होती, असे म्हणता येईल. आत या, असे कोणी म्हणते का, हे शेवटचे विचारून पाहिले गेले. उत्तर नाही असे आले.

येवल्याच्या परिषदेत, १३ ऑक्टोबर १९३५ ला, सत्याग्रह बंद करण्याचा ठराव झाला आणि आंबेडकरांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मणे हातात नव्हते, हिंदू म्हणून मरणे मात्र हातात आहे आणि ते होणार नाही. त्यानंतर लगेच काही झाले नाही, हे विसरता कामा नये. त्यांनी एकवीस वर्षे घेतली. शीख धर्माचा विचार केला, ख्रिस्ती आणि मुसलमान नेत्यांची निमंत्रणे ऐकली, ग्रंथ वाचले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह बुद्धाला शरण गेले. त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा वाचल्या की इतर समाजांच्या तत्त्वांशी फरक लगेच जाणवतो. विश्व कोणी निर्मिले याबद्दल त्यांत काहीच नाही. काय करणार नाही आणि काय करीन, एवढेच आहे. आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाकडून कोणताही विधी करवून घेणार नाही अशी आहे, म्हणजे सत्यशोधकांचेच कलम. नववी सर्व माणसे समान मानण्याची, दहावी समता आणण्यासाठी झटण्याची. आंबेडकर ज्यांना गुरू मानत त्या तिघांत, बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत, फुले होते. वडील कबीरपंथी होतेच.

प्रार्थना समाजात सभासदाला सोडायचे काही नव्हते, नवबौद्धाला सगळेच सोडायचे होते. देव्हारा, सण, नवस, जत्रेतले मानपान, आणि काही काळ सरकारी सवलतीसुद्धा, कारण नवबौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ १९९० मध्ये मिळाला. एवढी किंमत मागणाऱ्या धर्माकडे लाखो गेले आणि काहीच न मागणाऱ्याकडे शेकडो. उदार धर्माचा प्रचार करणाऱ्यांनी हा हिशेब कधी नीट मांडलेला दिसत नाही.

आज येवल्यात घोषणेच्या जागी मुक्तिभूमी हे स्मारक आहे. दर १३ ऑक्टोबरला तिथे गर्दी लोटते; निफाड-विंचूर भागातूनही माणसे जातात. गावोगावच्या विहारांत त्रिशरण-पंचशील म्हणायला पुरोहित लागत नाही, कोणीही बाई किंवा बुवा म्हणू शकते. फुल्यांना हवे ते कलम इथे सर्वांत साधेपणाने पाळले जाते.

याच रस्त्याने येवल्याहून कोपरगावमार्गे शिर्डीला जाता येते, आणि तिथे या सगळ्या तत्त्वांच्या यादीला वळसा घालणारा चौथाच प्रकार आहे. साईबाबा मशिदीत राहत, तिला द्वारकामाई म्हणत, धुनी पेटती ठेवत. १८९७ पासून तिथे उरूस भरू लागला. पुढे, १९११-१२ च्या सुमारास, त्याच दिवशी रामनवमी साजरी होऊ लागली आणि संदलची मिरवणूकही राहिली. ती अजून निघते. ना प्रतिज्ञा, ना सभासदत्व, ना कोणाची दक्षिणा बुडवण्याचा आग्रह. लोकप्रियतेत शिर्डीने वरच्या सगळ्यांना मागे टाकले आहे. पण तिथे दर्शन घेऊन आलेल्या माणसाला गावातल्या पंगतीत शेजारी कोण बसले हे विचारायला कोणी सांगितलेले नाही. दर्शनाची रांग सर्वांची असते, लग्नाची यादी जातीचीच राहते.

जुनी देवळेही जागची हलली आहेत, कोर्टाच्या आणि आंदोलनांच्या रेट्याने. पंढरपूरचे बडवे-उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने संपले आणि मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांचे अर्ज मागवले. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या गर्भगृहाचा प्रश्नही पेटला. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी स्त्रियांना आणि कोणत्याही जातीच्या माणसाला पौरोहित्य शिकवते. पुजाऱ्याचे पद जन्माने न मिळता परीक्षेने मिळावे, असे आंबेडकरांनी १९३६ मध्येच ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात लिहून ठेवले होते. ऐंशीएक वर्षांनी त्याची टोके दिसू लागली आहेत.

निफाड आणि येवला ही दोन टोके एकदा प्रत्यक्ष भेटली आहेत. १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला, पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात डेक्कन सभेने व्याख्यान ठेवले. डेक्कन सभा रानड्यांनीच १८९६ मध्ये काढलेली. वक्ते होते डॉ. आंबेडकर. येवल्याच्या घोषणेला सात वर्षे झाली होती. रानड्यांच्या वाटेने जायचे नाही हे त्यांचे ठरलेले होते. तरी त्या दिवशी त्यांनी रानड्यांना थोर माणूस म्हटले, गांधी आणि जिना यांच्याशी त्यांची तुलना मांडली आणि एक मुद्दा ठामपणे सांगितला: हक्क कायद्याने राखले जात नाहीत, समाजाच्या नैतिक जाणिवेने राखले जातात, आणि सरकारशी भांडणाऱ्यापेक्षा आपल्याच समाजाशी भांडणाऱ्याला जास्त धैर्य लागते. चहाच्या पेल्याचे प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाविषयी हे बोलणे सोपे नव्हते. आंबेडकरांनी ते केले, कारण रानडे कुठे हरले यापेक्षा ते कशासाठी भांडले हे त्यांना मोलाचे वाटले.

ते भाषण पुढे ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने पुस्तकरूपात आले, महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे आणि मराठीतही मिळते. निफाडला १८ जानेवारीला रानड्यांच्या तसबिरीला हार घातले जातात, येवल्याला १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर माणसे जमतात. या दोन तारखांची गर्दी एकमेकांना ओळखत नाही. विंचूर या दोन गावांच्या मधे आहे. तिथल्या एखाद्या शाळेने, वाचनालयाने किंवा ग्रामपंचायतीने येत्या १८ जानेवारीला ते भाषण मोठ्याने वाचण्याचा कार्यक्रम ठेवावा, आणि निफाड-येवल्याच्या मंडळींनाही बोलवावे. दीड-दोन तासांचे काम आहे.